गावातली तिसरी यादी

फोंडा तालुक्यातल्या कुठल्याही जुन्या गावाला यादीचे राजकारण शिकवावे लागत नाही. देवस्थानाच्या महाजनांची, म्हणजे देवळावर वंशपरंपरेने हक्क असलेल्या घराण्यांची, नोंदवही आमच्याकडे पोर्तुगीज काळापासून आहे. दर तीन वर्षांनी तिच्यातूनच देवस्थान समिती निवडली जाते, आणि त्या आधीचे काही महिने कोणाचे नाव आहे, कोणाचे राहिले, कोणाच्या आजोबांनी कधी नोंद केली होती, हा सभामंडपातला एकमेव विषय असतो. दुसरी यादी कोमुनिदादीची, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या गावकरीची. गावकर कोण, तो कोणत्या वांगडातला (कुळातला), झोण (गावच्या उत्पन्नातला वाटा) कोणाला मिळणार, हे ती सांगते. या दोन्ही याद्या एकच प्रश्न विचारतात: तू कोणाचा? बाप, आजोबा, पणजोबा यांचा धागा जिथपर्यंत जातो तिथपर्यंत तुमचा हक्क जातो. बहुतेक ठिकाणी या नोंदींत बाईचे नाव नाही, मुंडकाराचे (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचे) नाही, आणि पोटासाठी गावात येऊन तीन पिढ्या राहिलेल्याचेही नाही.

मतदार यादी ही गावातली तिसरी यादी. डिसेंबर १९६३ मध्ये, मुक्तीनंतर दोन वर्षांनी, गोवा, दमण आणि दीवच्या विधानसभेसाठी पहिल्यांदा मतदान झाले, आणि आमच्या गावात एक गोष्ट घडली जी त्याआधी कधीच घडली नव्हती. भाटकार, म्हणजे जमीनमालक, आणि त्याच्याच भाटात झोपडी बांधून राहिलेला मुंडकार, महाजन आणि देवळात ढोल वाजवणारा, सासू आणि सून, सगळे एका कागदावर एकाखाली एक आले. आधीच्या राजवटीत मतदान नावाचा प्रकार अगदी नव्हता असे नाही, पण तो साक्षरता आणि करभरणा यांच्या कुंपणात होता. १९६३ च्या यादीने फक्त वय आणि रहिवास विचारला. त्या निवडणुकीत बहुजन समाजाने ज्या उत्साहाने मतदान केले आणि दयानंद बांदोडकरांचे सरकार आले, त्याची कारणे सांगताना पक्ष, भाषा, जात या सगळ्यांची चर्चा होते. मला वाटते त्या यादीचीही व्हायला हवी.

नोव्हेंबर २०२५ पासून गावातली चर्चा पुन्हा या तिसऱ्या यादीवर येऊन थांबली आहे. निवडणूक आयोगाने २७ ऑक्टोबर २०२५ रोजी मतदार याद्यांच्या विशेष सखोल पुनरीक्षणाचा दुसरा टप्पा जाहीर केला, त्यातल्या बारा राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांमध्ये गोवा होता. ४ नोव्हेंबरपासून बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, घरोघर गणना अर्ज घेऊन फिरू लागले. आमच्या घरी बोलणे कोकणीतून आणि वाचणे-लिहिणे मराठीतून, त्यामुळे पहाटेच्या वर्तमानपत्रातले ‘पुनरीक्षण’ संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर ‘एसआयआर’ या इंग्रजी लघुरूपात येत असे, आणि सगळ्या शंका एकाच वाक्यात सामावत असत: नांव आसा मरे? (नाव आहे ना?)

१६ डिसेंबरला गोव्याची प्रारूप यादी आली तेव्हा जवळपास बारा लाखांतून सुमारे एक लाख नावे गळालेली होती. त्यांत मृत होते, कायमचे स्थलांतरित होते, दोन ठिकाणी नावे असलेले होते, आणि पत्त्यावर न सापडलेले होते. या आकड्याने मी दचकलो नाही. आमच्या वाड्याच्या यादीत पणतीसमोर फोटो लागून बरीच वर्षे झालेल्या माणसांची नावे मी स्वतः वाचलेली आहेत. लग्न होऊन गेलेल्या मुली माहेरच्या यादीतही असतात आणि सासरच्याही. मडगावला फ्लॅट घेतलेला माणूस गावातले नाव काढत नाही, कारण पंचायत निवडणुकीत भावाला उभे राहायचे असते. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० सांगतो की एका माणसाचे नाव एकाच मतदारसंघात आणि एकदाच असावे, आणि यादी साफ करू नये असे म्हणणारा माणूस मला तरी गावात भेटला नाही. वाद आहे तो साफसफाईचा भार कोणी उचलायचा, याचा.

या पुनरीक्षणाने एक नवा प्रश्न आणला. मागचे सखोल पुनरीक्षण २००२ ते २००४ च्या सुमारास झाले. तेव्हाच्या यादीत तुमचे नाव असेल तर ते दाखवा, नसेल तर आईवडिलांचे किंवा आजीआजोबांचे नाव दाखवून त्याच्याशी दुवा जोडा. दुवा जुळला तर कागदपत्रे नकोत, जुळला नाही तर नोटीस आणि सुनावणी. कार्यालयीन दृष्टीने ही सोय आहे, आणि बिहारमधल्या पहिल्या टप्प्यात लोकांची जी धावाधाव झाली तिच्या मानाने ती सुधारणाही आहे, हे मान्य केले पाहिजे. पण मी तो अर्ज हातात घेऊन बसलो तेव्हा मला देवस्थानाची नोंदवही आठवली. जिने आजवर कोणाला ‘तू कोणाचा’ असे विचारले नव्हते, ती तिसरी यादीही आता बापाचे नाव विचारू लागली होती.

पुरुषांना या प्रश्नाचा फारसा त्रास झाला नाही. बायकांना झाला. आमच्याकडे मुलगी लग्न होऊन आली की आडनाव तर बदलतेच, पुष्कळ घरांत पाळण्यातले नावही तांदळाच्या ताटात पुसले जाते आणि नवे लिहिले जाते. माहेरची शेवंती सासरी सुलक्षणा होते. दुवा जोडायचा तो सासरच्यांशी नव्हे, जन्मदात्यांशी. डिचोली आणि सत्तरीत दोडामार्ग-सावंतवाडीकडच्या लेकी सर्रास सून म्हणून आलेल्या आहेत. त्यांनी सिंधुदुर्गातल्या गावाच्या जुन्या मराठी याद्या मोबाईलवर उघडून त्यात वडिलांचे नाव शोधायचे. कारवारकडून आलेल्या वहिनींनी कन्नड लिपीतली यादी वाचायची. आमच्या वाड्यावर एका संध्याकाळी कॉलेजात शिकणाऱ्या मुली मोबाईल घेऊन बसल्या होत्या आणि त्यांच्याभोवती आज्या आणि काकी आपापल्या माहेरचा वाडा, शाळा, मतदान केंद्र आठवून सांगत होत्या. एकीला वडिलांचे नाव सापडले आणि तिने ते मोठ्याने वाचून दाखवायला लावले. ते वारून पुष्कळ वर्षे झाली होती, पण २००२ मध्ये ते मतदार होते, आणि आता लेकीच्या मताला त्यांचाच आधार होता.

बाईचे नाव आणि मतदार यादी यांचे भांडण जुने आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी, गोवा तेव्हा भारतात नव्हता, उत्तरेकडच्या अनेक राज्यांत बायकांनी आपले नाव सांगितलेच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढीच ओळख त्यांनी नोंदवली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य करायला नकार दिला आणि सुमारे २८ लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या. सेन यांचा निर्णय कठोर होता, पण त्यामागची भूमिका मला पटते: नाव तिचे स्वतःचे पाहिजे, कोणाची तरी म्हणून नव्हे. त्यानंतर सात दशकांनी अर्जातला एक रकाना तिला पुन्हा ‘कोणाची’ असे विचारतो तेव्हा निदान तो रकाना का आहे एवढे तरी तिला नीट समजावून सांगितले पाहिजे.

दुसरी अडचण आडनावांची, आणि ती खास आमची. गोव्यात जन्ममृत्यूची सक्तीची नोंद पोर्तुगीजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच लावली, त्यामुळे इतर राज्यांत ज्या पिढीकडे जन्माचा दाखला असणे दुर्मीळ, त्या पिढीचाही दाखला आमच्याकडे निबंधकाच्या दप्तरात सापडतो. कागदाच्या बाबतीत आम्ही श्रीमंत आहोत. पण त्या कागदावर कामताचा कामोतिं झालेला असतो, प्रभूचा पोरोब, पैचा पोय, शेटाचा शेट्ये की शेट याचा निकाल त्या दिवशीच्या कारकुनाने लावलेला असतो. मुक्तीनंतर शाळेच्या दाखल्यावर आडनाव इंग्रजी वळणाने गेले, आधारवर तिसऱ्याच वळणाने आले. नाव व आडनाव बदलण्याचा वेगळा कायदा गोव्याला १९९० मध्ये करावा लागला तो उगाच नव्हे. संगणकाला दोन स्पेलिंगांत दोन माणसे दिसतात. वाड्यावरच्या कोणालाही विचारा, तो सांगेल की माणूस एकच.

नोटीस कोणाला येऊ शकते याचा धडा जानेवारीत मिळाला. १९७१ च्या युद्धात वीरचक्र मिळवलेले, नौदलाचे माजी प्रमुख ॲडमिरल अरुण प्रकाश निवृत्तीनंतर गोव्यात राहतात. त्यांना आणि त्यांच्या पत्नीला ओळख पटवण्यासाठी हजर राहण्याची नोटीस आली आणि ती बातमी देशभर गाजली. आयोगाचे म्हणणे असे की त्यांच्या अर्जात मागच्या पुनरीक्षणाचा तपशील भरलेला नव्हता, म्हणून यंत्रणेने तो वेगळा काढला. नियमाने पाहिले तर त्यात कोणाचा द्वेष नव्हता. पण गावात त्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “त्यांची बातमी झाली, त्यांचे निस्तरेल. आमच्या बाबुसोची बातमी कोण छापणार?” मला यावर उत्तर सुचले नाही, आणि अजूनही सुचलेले नाही.

चर्चेत सगळ्यात जास्त गोंधळ असतो तो रहिवासाविषयी. कायद्यातला शब्दप्रयोग ‘सामान्यपणे रहिवासी’ असा आहे आणि १९५० च्या कायद्याचे विसावे कलम त्याविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगते: एखाद्या ठिकाणी घर मालकीचे आहे किंवा ताब्यात आहे, एवढ्याच कारणाने माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. गोव्यात या एका ओळीचे वजन किती आहे हे परराज्यातल्या वाचकाला चटकन कळणार नाही. आमच्याकडे भाटकार मुंबईला किंवा पुण्याला राहतो, जत्रेला आणि चवथीला येतो, आणि गावातल्या मतावर आपला वडिलोपार्जित हक्क समजतो. त्याच्या भाटातला मुंडकार, ज्याला १९७५ च्या मुंडकार कायद्याने घरातून हुसकावण्यापासून संरक्षण मिळाले, तो बारा महिने तिथे नांदतो, पण घर क्रमांक, वीजबिल, घरपट्टी या सगळ्यांवर पुष्कळदा अजून भाटकाराच्या बापाचे नाव असते. मतदार यादीचा कायदा या दोघांत मुंडकाराच्या बाजूने आहे. मालकी नव्हे, नांदणे. आसगाव-शिवोली पट्ट्यात जुनी घरे विकत घेऊन वर्षातून दोन आठवडे येणाऱ्या दिल्लीकरांनाही हाच नियम लागू, आणि तो लागू करायला कोणाच्या भाषेची किंवा धर्माची चौकशी करावी लागत नाही.

त्याच कलमाची दुसरी बाजू तारवट्यांसाठी, म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्यांसाठी, आहे. तात्पुरते बाहेर गेल्याने रहिवास संपत नाही, असे कायदा म्हणतो. जहाजावर आठ-दहा महिने काढणारा माणूस घरी बायकोमुले ठेवून जातो, त्यामुळे त्याचे नाव यादीत राहते, आणि यावेळी घरच्या प्रौढ माणसाला त्याच्या वतीने गणना अर्जावर सही करता येत होती. पण नाव राहिले म्हणून मत पडते असे नाही. सैनिकाला टपाली मतपत्रिका आहे, परदेशातल्या वकिलातीत नेमलेल्या सरकारी नोकराला आहे, व्यापारी जहाजावरच्या खलाशाला नाही. ज्या गोव्यात घराघरातून कोणीतरी तारवावर आहे तिथे याविषयी आमच्या राजकारण्यांचा आवाज इतका बारीक का असतो, हे कोडे आहे. कदाचित जो मतच देऊ शकत नाही त्याच्यासाठी कोण भांडणार, इतकेच त्याचे साधे उत्तर असेल.

मत कोणाचे, हा प्रश्न गोव्याने एकदा फार मोठ्या पणाला लावून सोडवलेला आहे. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित राहावे, यासाठी झालेल्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाच्या आधी मुंबईतल्या गोवेकरांना मतदान करू द्यावे अशी मागणी झाली होती, आणि सरकारी नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून आलेल्या लोकांना करू देऊ नये अशीही. दोन्ही बाजूंचे हिशेब उघड होते. शेवटी ज्यांची नावे गोवा, दमण आणि दीवच्या मतदार यादीत होती त्यांनी मतदान केले. बांदोडकर सरकारने निःपक्षपातासाठी आधी राजीनामा दिला होता. केंद्रशासित राहण्याच्या बाजूने, म्हणजे दोन पानांच्या चिन्हाला, १,७२,१९१ मते पडली आणि विलीनीकरणाच्या बाजूने, फुलाला, १,३८,१७०. फरक ३४,०२१ चा. आमच्या घरातली सगळी मते फुलाला गेली होती. निकालानंतर आजोबा कित्येक दिवस कोणाशी धड बोलत नव्हते, असे आई सांगे. पण यादी खोटी होती, भायल्यांनी (बाहेरून आलेल्यांनी) किंवा दुसऱ्या कोणी घात केला, असे त्यांच्या तोंडून कोणी ऐकले नाही. मराठीवर जीव असलेल्या माणसांना तो पराभव पचवणे जड गेले, तरी त्यांनी तो पचवला, याचे एक कारण मोजणी कोणाची होणार हे आधीच ठरले होते. त्या वादाच्या दोन्ही टोकांना उभ्या असलेल्या लोकांनी यादी मान्य केली होती.

ओळखपत्राचे महत्त्व मी नाकारत नाही, पण चर्चेत त्याला जरा जास्तच मान मिळतो. टी. एन. शेषन यांनी १९९३ मध्ये छायाचित्र असलेल्या ओळखपत्रांचा आदेश काढला आणि ती सगळ्यांना मिळाल्याशिवाय निवडणुका घेणार नाही असा पवित्रा घेतला, तेव्हा राज्य सरकारांनी खर्चावरून केवढे आकांडतांडव केले होते. आज ते कार्ड पाकिटात नाही असा माणूस विरळा. पण मतदान केंद्रावर ते नसले तरी आधार, पासपोर्ट, वाहन परवाना, पॅन, फोटो लावलेले बँकेचे पासबुक, मनरेगाचे जॉबकार्ड अशा डझनभर कागदांतला कोणताही एक चालतो. उलट कार्ड हातात असूनही यादीत नाव नसेल तर केंद्राध्यक्ष काहीही करू शकत नाही. कार्ड ओळख पटवते, हक्क यादीत असतो. मतदानाच्या दिवशी कार्ड नाचवत केंद्राबाहेर संतापलेला माणूस दर निवडणुकीला दिसतो, आणि त्याची यादी तीन महिन्यांपूर्वी पंचायतीत लागलेली असते.

शिवाय ओळख पटवण्याची जुनी यंत्रणा गावात कार्डाच्या कितीतरी आधीपासून होती. मतदान प्रतिनिधी म्हणून बसलेले दोन्ही पक्षांचे लोक मतदाराला त्याच्या चालीवरून ओळखत. एखाद्याच्या ओळखीवर शंका असेल तर नियमाप्रमाणे २ रुपये अनामत भरून आक्षेप घेता येतो. केंद्राध्यक्ष जागच्या जागी चौकशी करतो, आक्षेप सिद्ध झाला नाही तर मतदार मत देतो, आणि आक्षेप उगाच घेतला असे दिसले तर ते २ रुपयेही जातात. तुमच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले असेल तर तुम्हाला प्रदत्त मताची वेगळी मतपत्रिका मिळते, जी नेहमीच्या मोजणीत धरली जात नाही. आणि सगळ्यांच्या वर ती शाई, १९६२ पासून म्हैसूरच्या सरकारी रंगकारखान्यातून येणारी, डाव्या हाताच्या तर्जनीवर. मला या व्यवस्थेतले शहाणपण आवडते. संशय घेणाऱ्याने आधी काहीतरी, भले २ रुपये का होईनात, पणाला लावायचे.

इंग्लंडमध्ये हा वाद अलीकडे पेटला आणि तो आमच्या गावातही पोचला, कारण स्विंडन नावाच्या शहरात गोवेकर मोठ्या संख्येने राहतात. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय ओळखपत्र नाही. इंग्लंडात मतदार केंद्रावर जाऊन नाव-पत्ता सांगत असे आणि मतपत्रिका घेत असे. २०१८ मध्ये काही मोजक्या ठिकाणी ओळख तपासण्याचे प्रयोग झाले, त्यात स्विंडन होते. मग २०२२ च्या निवडणूक कायद्याने छायाचित्रासह ओळख सक्तीची झाली आणि मे २०२३ च्या स्थानिक निवडणुकांपासून इंग्लंडात ती लागू झाली. वृद्धांचा बसपास त्यासाठी चालतो, तरुणांचा रेल्वे सवलतीचा पास चालत नाही, यावरून तिथे बरीच टीका झाली आणि ती रास्तच होती. आमच्या शेजारच्या वाड्यावरचे एक जोडपे तिथे असते. त्यांना या कटकटीचे काहीच वाटले नाही. त्यांचा प्रश्न वेगळा होता.

१९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग उघडा आहे. लिस्बनच्या दप्तरात जन्माची नोंद होते आणि तांबडा पासपोर्ट हातात पडला की युरोप मोकळा होतो, ब्रेक्झिटपूर्वी ब्रिटनही होता. पण भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. परकीय नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारतीयत्व संपते आणि मतही जाते. आता गंमत पाहा. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे भारतीय पासपोर्टवर ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणारा माणूस तिथल्या पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देऊ शकतो. पोर्तुगीज पासपोर्टवर राहणारा स्थानिक निवडणुकीत देऊ शकतो, पार्लमेंटच्या नाही. म्हणजे आमच्या शेजाऱ्याने पासपोर्ट बदलून भारतातले मत गमावले आणि ब्रिटनच्या पार्लमेंटचे मतही मिळवले नाही. शिवाय लिस्बनला केवळ जन्म नोंदवणे म्हणजे नागरिकत्व घेणे का, यावर गोव्यात वर्षानुवर्षे तक्रारी आणि खटले चालले आहेत. यादीतून अशा नावांवर बोट ठेवले जाते तेव्हा ज्याने पासपोर्ट घेतला तो आणि ज्याच्या आजोबांची फक्त नोंद झाली आहे तो, यांच्यात फरक करण्याइतका धीर पायरीवरच्या चर्चेत क्वचितच असतो. १९६२ च्या नागरिकत्व आदेशाने गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना एका फटक्यात भारतीय केले होते, हेही त्या चर्चेत कोणी आठवत नाही.

आणि मग येतो भायल्यांचा विषय. परप्रांतीय कामगारांच्या वस्त्या असलेली वास्को, झुआरीनगर, मोती डोंगर ही नावे घेतली की गावातला आवाज एकदम चढतो. त्यांना कार्डे कोणी दिली, कोणत्या आमदाराने दिली, हे सगळ्यांना ठाऊक असते. आमच्या छोट्या मतदारसंघांत ही भीती पूर्ण निराधार नाही. २०२२ मध्ये सांत आंद्रेचा निकाल ७६ मतांनी लागला आणि आमच्या शेजारच्या प्रियोळचा २१३ मतांनी. एका वस्तीतल्या नावांवर आमदार ठरू शकतो. बनावट नावे घुसवणाऱ्यावर कारवाई झालीच पाहिजे. पण चर्चा तेवढ्यावर थांबत नाही. ज्याने मुरगाव बंदरात आयुष्यभर पोती वाहिली, ज्याची मुले इथल्या सरकारी शाळेत शिकली, त्याच्या नावावर ‘हा इथला नव्हे’ असे म्हणणारा माणूस कायद्याची कसोटी लावत नसतो. तो कोमुनिदादीची लावत असतो. भारताच्या नागरिकाला देशात कुठेही राहता येते आणि राहील तिथे मत देता येते. नागरिक आणि रहिवासी, या दोनच गोष्टी यादीने पाहायच्या आहेत.

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर लालबाबू हुसेन यांचे प्रकरण आले होते. मुंबई-दिल्लीतल्या वस्त्यांमधल्या हजारो मतदारांना नागरिकत्व सिद्ध करा अशा नोटिसा गेल्या होत्या. ज्याचे नाव आधीपासून यादीत आहे त्या नोंदीला वजन दिले पाहिजे, नाव काढताना त्याला म्हणणे मांडण्याची खरी संधी मिळाली पाहिजे आणि ठरावीकच कागद हवेत असा हट्ट चालणार नाही, असे न्यायालयाने बजावले. बिहारच्या वेळीही ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने प्रारूप यादीतून गळालेली सुमारे ६५ लाख नावे कारणांसह प्रसिद्ध करायला लावली, आणि सप्टेंबरमध्ये ओळखीचा पुरावा म्हणून आधार स्वीकारायला सांगितले. नागरिकत्वाचा पुरावा म्हणून नव्हे, हेही स्पष्ट केले. या आदेशांचा एकत्रित अर्थ मी असा घेतो की यादीतल्या माणसाला बाहेर काढायचे तर धावपळ यंत्रणेने करायची.

गावात मात्र धावपळ होते ती मतदाराची. मजुरीवर असलेल्या माणसाला सुनावणीसाठी तालुक्याच्या ठिकाणी जायचे तर दिवसाचा रोज बुडतो. नोटिशीची भाषा त्याला कळत नाही, आणि कळवून देणारा कार्यकर्ता पुढच्या वर्षी त्याची किंमत वसूल करतो. विधानसभेची मुदत मार्च २०२७ मध्ये संपते, तेव्हा हा कार्यकर्ता आतापासूनच सेवाभावी झालेला आहे. नवे नाव घालण्याचा अर्ज क्रमांक सहा कोणाचा भरला, नावावर आक्षेप घेण्याचा सात कोणाविरुद्ध टाकला, आठने कोणाचा पत्ता बदलला, याची त्याची स्वतःची एक चौथी यादी असते.

ग्रामसभेत मी दोन गोष्टी सुचवल्या. गळालेल्या प्रत्येक नावापुढे कारण लिहून तो कागद पंचायतीच्या फलकावर लावावा आणि ग्रामसभेत वाचून दाखवावा, ही पहिली. ती मंजूर झाली, कारण तिला विरोध करायला कोणाला सबब नव्हती. दुसरी अशी की अर्ज क्रमांक सात भरून ज्याने दुसऱ्याच्या नावावर आक्षेप घेतला त्याचे नावही त्याच कागदावर असावे. आक्षेप घेणारा मतदार असावा लागतो, सही करतो, आणि खोटे निवेदन केल्यास कायद्याच्या एकतिसाव्या कलमाप्रमाणे त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मग नाव लपवायचे कशाला? यावर सभेत बराच गोंगाट झाला. शेजारधर्म बिघडेल, भांडणे होतील, असे म्हणणारे बरेच निघाले, आणि त्यांत महाजनांच्या नोंदवहीवर गेली कित्येक वर्षे मामलेदाराकडे एकमेकांविरुद्ध आक्षेप लढवणारे दोघेही होते. पंच म्हणाले, सूचना लिहून घेतो, पुढच्या सभेत पाहू. सचिवांनी ती लिहून घेतली आहे की नाही, हे मी इतिवृत्ताची प्रत मागून पाहणार आहे.